टोच्या कुणाचा

टोच्या परत येणार ही बातमी थोरलीला दारावरच्या दूधवाल्याने दिली.

"टोच्याबाई, तुमचं पोरगं पुन्हा टीव्हीवर येतंय म्हणे."

गल्लीत तिला खऱ्या नावाने कुणी हाक मारतच नसे. टोच्या म्हणजे कार्टून मालिकेतलं साळिंदराचं पिल्लू. नाकात बोलणारं, महाहट्टी, मनाविरुद्ध काही झालं की अंगावरचे काटे फुलवून "असं नाही हं चालणार" म्हणणारं. त्याचा आवाज थोरलीचा. मग चॅनेलने एकाएकी मालिकाच बंद केली आणि घर सोडून निघालेला टोच्या नदीच्या काठावर उभा राहिला तो उभाच. तेव्हाची पोरं आता मिशा फुटून नोकरीला लागली, पण त्यांच्या जिवाला तेच लागून राहिलं होतं. नदी ओलांडली की नाही त्याने? त्यांनी चॅनेलच्या डोक्याचा इतका भुगा केला की शेवटी एक पर्व काढून गोष्ट संपवायचं ठरलं.

थोरलीने त्याच दिवशी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू केल्या.

"अगं, त्यांनी बोलावलंय का तुला?" नवऱ्याने पेपराआडून विचारलं.

"बोलावतील. टोच्या काय दुसऱ्याच्या गळ्यातून बोलणार?"

बोलावलं खरं. दिग्दर्शकाचा फोन आला. या गृहस्थांना प्रत्येक वाक्याला 'समजतंय ना'ची शेपटी लावल्याशिवाय करमत नसे. "ताई, तुमच्याशिवाय हे पर्व होणारच नाही, समजतंय ना. पण आवाज आता जरा भारदस्त झालाय तुमचा, समजतंय ना. म्हणून तुम्हाला कावळीणकाकू देतोय. आणि टोच्या तुमच्या धाकट्या बहिणीला. म्हणजे घरातलं घरातच राहिलं, समजतंय ना."

थोरलीला सगळं समजलं. न समजण्यासारखं त्यात होतं काय?

धाकटीही त्याच मालिकेत असायची, पण कुठे, तर बेडूक, एक शेळी आणि गर्दीतलं "पळा, पळा". आवाज मात्र तिचा अजून कोवळा. पन्नाशीच्या उंबऱ्यावर उभी होती, तरी फोनवर लोक तिला म्हणत, "बाळ, आईला दे जरा."

"बेडूक," थोरली कढई घासता घासता म्हणाली. "बेडूक होती ती. आता बेडकाला म्हणे टोच्या."

"म्हणजे बढतीच झाली की," नवरा म्हणाला. त्या संध्याकाळी त्याला चहा गार मिळाला आणि का मिळाला ते विचारायची त्याची छाती झाली नाही.

रात्री धाकटीचा फोन. "ताई, मी नको म्हणू का त्यांना? तू म्हणशील तसं."

"छे गं. मला काय त्याचं? आमचा आपला कावळा बरा," थोरली मधात जीभ बुडवून बोलली. फोन ठेवला, आणि घरातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या कपाटांची दारं एकेक करून आपटली. पोटात असं काही पेटलं होतं की वर पातेलं ठेवलं असतं तर आधण आलं असतं.

रेकॉर्डिंगची खोली होती तशीच होती. भिंतींना स्पंज, मधे माईक, समोर पडदा. पडद्यावर रंग न भरलेली, नुसत्या पेन्सिलीच्या रेघांची चित्रं हलत होती. बांगड्या काढायच्या, चपला बाहेर ठेवायच्या आणि आत जाण्याआधी एकेक केळं खायचं, नाहीतर पोटाचं गुरगुरणं माईक आधी पकडतो. कावळीणकाकू ही टोच्याची शेजारीण. त्याचं काही बरं झालेलं तिला बघवत नाही. भांडण समोरासमोर रंगावं म्हणून दिग्दर्शकाने दोघी बहिणींना एकाच माईकपाशी उभं केलं होतं.

प्रसंग असा: टोच्या घरी परततो, तर त्याच्या बिळापुढच्या दगडावर कावळीण ठाण मांडून बसलेली.

"हा दगड माझा आहे. असं नाही हं चालणार," धाकटी म्हणाली.

काचेपलीकडचा साऊंडवाला मान वर न करता बोलला, "लेव्हल ठीक आहे. टोच्या नाहीये."

पुन्हा झालं. पुन्हा नाही. धाकटी हुबेहूब थोरलीसारखं म्हणत होती. तोच नाकातला सूर, तीच ओढ. पण नक्कल ती नक्कल, शिळ्या भातासारखी मोकळी मोकळी. थोरलीला आतून मात्र गारेगार वाटत होतं. "घाबरलीये बिचारी. जरा वेळ द्या हो तिला," ती म्हणाली, आणि 'बिचारी' या शब्दावर जिभेने असा काही हात फिरवला की मांजराच्या पिल्लावर कुणी फिरवणार नाही.

दिग्दर्शकाने सुट्टी दिली आणि थोरलीला बाजूला घेतलं. "आज जमलं नाही तर दुसरी मुलगी तयार आहे, समजतंय ना. चॅनेलच्या मॅडमनी पाठवलीये." त्याने मोबाईलवर लावून ऐकवलं.

"अशं नाई हं च्यालनाल."

ऐकणाऱ्याच्या दाढा किडाव्यात असा गोड आवाज. मागून मॅडमचा "सो क्यूट, सो क्यूट" ऐकू येत होता.

थोरलीने मनात म्हटलं, येऊ दे. परकी तर परकी. पण टोच्याच्या नावापुढे धाकटीचं नाव नको. हे तिचं अगदी पक्कं ठरलं होतं. दिग्दर्शकाने तो तुकडा दुसऱ्यांदा लावला नसता तर ठरलेलंच राहिलं असतं. "अशं नाई हं च्यालनाल." साऊंडवाला, जो मेला जन्मात कधी हसला नव्हता, तो गालात हसला. आणि थोरलीच्या पोटातली आग गर्रकन तोंड फिरवून तिकडे धावली. ही कोण टिकोजीराव लागून गेली? बेडूक निदान आपल्या डबक्यातला तरी होता.

आता खरी गोम अशी, की टोच्याचा आवाज आला कुठून ते एकटी थोरलीच जाणून होती. पहिल्यांदा चित्र दाखवून "हे पिल्लू कसं बोलेल?" असं विचारलं, तेव्हा ती लहानपणच्या धाकटीसारखं बोलली होती. खिडकीची जागा हिसकावली की धाकटी जशी फुरंगटायची, तस्सं. "कुठून आणलात हा आवाज?" जो तो विचारी. "सुचला," थोरली सांगे. म्हणजे धाकटी आता आपल्याच नकलेची नक्कल करत होती. येणार कसा टोच्या? पण हे तोंडाने सांगायचं म्हणजे टोच्या तिच्या नावावर करून द्यायचा. जीव गेला तरी थोरली ते सांगणार नव्हती.

बाहेरच्या बोळात एकच खुर्ची होती. धाकटी तिथे डोळे सुजवून संत्रं सोलत बसली होती. सोललेलं संत्रं खुर्चीवर ठेवून सालं टाकायला उठली, तशी थोरलीने ते उचललं, खुर्चीत बसली आणि खायला लागली.

"ताई, मी बसले होते तिथे."

"उठला त्याची जागा गेली."

"सालं टाकायला उठले होते मी."

"लहान आहेस, उभी राहा. लहानांचे पाय दुखत नाहीत."

"बरं, संत्रं तरी दे."

"आंबट आहे. खोकला होईल तुला. तुझ्यासाठीच खातेय मी."

धाकटीचे खांदे कानांपर्यंत चढले. नाक मुरडलं. "हे बघ, आधी मी बसले होते, संत्रं पण माझं आहे. असं नाही हं चालणार."

साऊंडवाल्याने दारातून मुंडकं बाहेर काढलं. "कोण बोललं हे?"

धाकटीने तोंडावर हात ठेवला. थोरलीकडे बघितलं, बघतच राहिली. "ताई, हा आवाज तर…"

"आत चल. विसरशील," थोरली म्हणाली आणि उरलेलं संत्रं तोंडात कोंबलं.

आत गेल्यावर तिने धाकटीच्या बाजूचं स्टूल सरळ आपल्याकडे ओढून घेतलं. टोच्या पहिल्याच दमात बोलला. पडद्यावरच्या रेघांना जणू काटे फुटले. दिग्दर्शक 'समजतंय ना' म्हणायचंसुद्धा विसरला. "कुठून आणलात हो हा आवाज?"

धाकटीने एकवार थोरलीकडे पाहिलं. "सुचला," ती म्हणाली.

घ्या. तेवढा एक शब्द थोरलीपाशी उरला होता, तोही गेला.

"आता कावळीण," साऊंडवाला म्हणाला.

थोरलीने धाकटीचा उजळलेला चेहरा डोळे भरून पाहिला आणि माईकमध्ये वाक्य सोडलं. "आलास होय परत? आमचं मेलं सुख म्हणून बघवायचं नाही कुणाला."

काचेपलीकडे आवाज मोजणारा काटा सणकन लाल रेघेवर गेला. पुन्हा घ्यावं लागलं नाही.

रेकॉर्डिंगचा दिवा विझल्यावर धाकटीने तिच्यापुढे तळहात पसरला. "एक तरी फोड ठेवलीस का?"

"नाही," थोरली म्हणाली.