इथे सगळं शांत आहे

गोऱ्या साहेबांची खासगी पत्रं वाचणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. मेलबर्नमधल्या एका छोट्या कंपनीत मी अर्काइव्हिस्ट आहे. जुनी घराणी आपल्या पणजोबांच्या पेट्या आमच्याकडे पाठवतात. त्यातली पत्रं आम्ही स्कॅन करतो, कॉम्प्युटर ती अर्धीमुर्धी वाचतो आणि उरलेलं आम्ही पाच जण डोळे फोडून वाचतो आणि टाइप करतो. गेले कित्येक महिने माझ्याकडे एका गव्हर्नराची पेटी आहे. हा गृहस्थ हिंदुस्थानातल्या एका प्रांतावर राज्य करत होता आणि लंडनमधल्या आपल्या मंत्रिमित्राला नेमाने पत्र लिहायचा. मंत्र्याची उत्तरंही त्याच पेटीत आहेत. त्यांची नावं सांगायची मला बंदी आहे, आणि सांगून कुणाचं भलं होणार आहे असंही नाही.

पेटी हाती आली तेव्हा मी भांडायच्या तयारीत होते. शाळेच्या पुस्तकातला दुष्ट इंग्रज आता भेटणार, असं वाटलं होतं. भेटला तो पोटदुखीने बेजार झालेला, मुलीच्या लग्नाची काळजी करणारा, अतिशय सभ्य माणूस. गुलाबांना कीड लागल्याचं लिहून झालं की त्याच दमात तो लिहायचा की बाजार पुन्हा बंद आहे, लोक पुन्हा अर्ज घेऊन आलेत. मग दोघं मित्र काय करावं याचा खल करायचे आणि बहुतेक वेळा एकच ठरायचं: एक समिती नेमावी. तोवर उन्हाळा येईल, लोक दमतील. मला शिव्या वाचायला मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. या सभ्यपणाचं काय करायचं तेच कळत नसे.

गव्हर्नर एकाच दिवशी दोन पत्रं लिहायचा. एक सरकारी, दप्तरी जाणारं: लोकांच्या मागणीचा सहानुभूतीने विचार चालू आहे. दुसरं खासगी, मित्राला: द्यायचं काहीच नाही, पण नाही म्हणू नये, कारण ज्याला नकार मिळत नाही तो दारात बसून राहतो. तो दारात बसलेला माणूस माझ्या चांगल्या ओळखीचा होता.

आमचा व्हिसा या नोकरीवर टांगलेला आहे. कंपनीने सरकारकडे माझं नॉमिनेशन भरलं तर आम्हाला पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायचा परवाना, मिळणार. नाही भरलं तर टार्निटचं भाड्याचं घर, नवऱ्याचं वेअरहाउसमधलं काम, मुलीची शाळा, सगळं गुंडाळून परत जायचं. मी विचारलं की मॅनेजर हसून सांगतो, "नो वरीज, इट्स अंडर कन्सिडरेशन." नकार त्याने एकदाही दिलेला नाही. याला आमच्याकडे कोपराला गूळ लावणं म्हणतात. दुसरी नोकरी शोधावी तर व्हिसाचं घोडं पहिल्यापासून दामटायचं. मुलगी जेवताना मध्येच विचारते, "आई, आर वुई स्टेइंग ऑर नॉट?" मी म्हणते, आधी भाजी संपव.

अशात मॅनेजरने रोजच्या पानांचं टार्गेट वाढवलं. आता मंत्रिमहोदयांना कागद वाचवायची हौस. पान भरलं की ते आडवं फिरवून आधीच्या ओळींवरूनच पुढे लिहायचे. असलं पान दिव्याखाली तिरकं धरून, एका दिशेच्या ओळी डोळ्यांआड करत वाचावं लागतं, आणि एका पानात सकाळ जाते. टार्गेट ठरवणाऱ्याने असलं पान कधी हातात धरलेलं नव्हतं. माझ्या शेजारी नागपूरची एक बाई बसते, तोंडाने फटकळ आणि कामाला वाघ. तिचाही व्हिसा कंपनीच्याच हातात. खरं म्हणजे आम्हा पाचही जणांचा.

ती म्हणाली, "आपण सगळे मिळून टार्गेटबद्दल लेटर देऊ ना. पण पहिली सही कोण करणार? मी नाही करत बाई, माझं रिन्यूअल आहे."

तेव्हा मला गव्हर्नराची एक तक्रार आठवली. एका गावाने त्याला अर्ज पाठवला होता आणि सगळ्या सह्या गोलाकार केल्या होत्या. त्यामुळे पहिला कोण, शेवटचा कोण, काही कळेना. पुढारी सापडत नाही म्हणून साहेब चांगलाच वैतागला होता. मी हे सांगितल्यावर ती खो खो हसली. आम्ही मग किचनमधली बशी कागदावर पालथी घातली, पेनने कड गिरवली आणि तिच्या भोवतीने पाच सह्या केल्या. त्या दिवशी ट्रेनमध्ये बसायला जागा मिळाली नाही, तरी मी टार्निटपर्यंत मजेत उभी होते. मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

मॅनेजरने पत्राची पोच दिली. सहानुभूतीने विचार चालू आहे. काही दिवसांनी त्याने मला कॉफीला बोलावलं.

"यू आर द सेन्सिबल वन," तो म्हणाला. "बाकीचे जरा इमोशनल होतात. तुझं नॉमिनेशन माझ्या डोक्यात आहे, हं. फक्त दर फ्रायडेला मला एक छोटी मेल टाक. टीमचा मूड कसा आहे, कोण नाराज आहे. नथिंग फॉर्मल, मेट."

फ्लॅट व्हाइट त्यानेच पाजली. ही कॉफी मी आधी टाइप केली होती. पत्रांत तो चहा होता इतकंच. त्यांच्यातला समजूतदार माणूस हेरावा, बाजूला घ्यावा, त्याचं मत विचारावं, असा मंत्र्याचा सल्ला होता. पुढची प्रत्येक चाल मला पाठ होती, आणि त्याचा मला काडीचा उपयोग नव्हता. उठून जावं तर घर जातं, बसावं तर लाज जाते. मी कप संपवला आणि "शुअर" म्हटलं.

शुक्रवार उजाडला. मेल उघडून मी बसले होते. कोण नाराज आहे? सगळेच. पण लिहू काय? शेजारी नागपूरवालीही टाइप करता करता थांबली होती. तिने माझ्या स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुलाही कॉफी पाजली का गं?"

मी मान डोलावली.

"आणि तू सेन्सिबल?"

"हो. तू?"

"मी तर मोस्ट सेन्सिबल!"

जेवणाच्या सुट्टीत कळलं की पाचही जण समजूतदार होते. पुढारी सापडेना, म्हणून पठ्ठ्याने प्रत्येकाला वेगवेगळं गाठलं होतं आणि प्रत्येकाला तोच गूळ दाखवला होता. आम्ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. मग हसू ओसरलं आणि कुणीच कुणाकडे बघेना. मेल पाठवणार नाही असं म्हणायची एकाचीही छाती नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

शेवटी मीच तोड काढली. कुणी कुणाची चुगली करायची नाही. सगळ्यांनी एकच वाक्य पाठवायचं: इथे सगळं शांत आहे. ना कुणाचं नाव, ना तक्रार. सगळ्यांना ते पटलं. नागपूरवालीने मला डब्यातली शेवटची पुरणपोळी दिली. आम्ही एकाच टेबलाभोवती बसून, आपापल्या फोनवरून, ते एक वाक्य पाठवलं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही. एकमेकांना जपल्याचं समाधान मला खरोखरच होतं.

मधल्या दिवसांत गव्हर्नराची पेटी संपत आली. तळाच्या पत्रांपैकी एकात तो मित्राला कळवतो की प्रांतातून सगळीकडून एकसारख्या खबरा येताहेत, कुठे गडबड नाही. त्यावर मंत्र्याचं उत्तर दोन ओळींचं आहे, आणि सरळ लिहिलेलं, आडवं नाही. मग समितीची गरज उरली नाही, ती बरखास्त करावी. मी ते टाइप केलं, तपासलं आणि पुढचं पान घेतलं. त्या क्षणी माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही.

सोमवारी पाचही जणांना एकच मेल आली, सरकारी थाटाची. टीमकडून नियमितपणे आलेल्या फीडबॅकवरून असं दिसतं की नवं टार्गेट सर्वांना मानवलं आहे, त्यामुळे तो विषय बंद करण्यात येत आहे. आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार.

नागपूरवालीने खुर्ची माझ्याकडे फिरवली. मला वाटलं आता ही मला फाडून खाणार. पण ती हळूच म्हणाली, "या फ्रायडेला काय लिहायचं गं?"

शुक्रवारी मी मॅनेजरकडे नॉमिनेशनचं विचारायला गेले. विचार चालू आहे. ट्रेनमध्ये शुक्रवारची मेल उघडली, तर फोनने माझी बोटं लागायच्या आधीच ते वाक्य स्वतःहून पुढे केलं. मी पाठवलं. घरी पोचले तर मुलगी दारातच उभी होती, राहणार की जाणार हा तिचा प्रश्न घेऊन.