सोनखडीचा बंब आणि कृपादान भांबळ

सोनखडीत आग लागली की लोक आधी कृपादान भांबळला फोन करत, मग बादल्या शोधत, आणि दोघांपैकी आधी कोण पोचतंय यावर पैज लावत. बहुतेक वेळा बादल्याच जिंकत. त्यात कृपादानचा दोष नव्हता. नगरपरिषदेकडे बंब एकच, तोही सव्वीस वर्षांचा, आणि चढावर तो अशा चालीनं निघे की शेजारून जाणारा सायकलवाला ड्रायव्हरची ख्यालीखुशाली विचारी. गावानं त्याचं नाव मावशी ठेवलं होतं. "आमची मावशी लग्न लागून गेल्यावर येती, अन् वर आहेर मागती," असं चौकात म्हणत.

कृपादान मिशन कंपाउंडातल्या सुताराचा मुलगा. नगरपरिषदेत तो पाण्याच्या टँकरवर लागला. बंब आला त्या दिवशी चार ड्रायव्हरांनी हात टेकले, कारण दुसरा गिअर कुणालाच पडेना. कृपादाननं क्लच दोनदा दाबला, दांडा आईच्या मायेनं आधी मागं घेतला आणि मग सासूच्या रागानं पुढं ढकलला. गिअर पडला आणि बंब त्याच्या गळ्यात पडला. त्याची बायको हन्ना बालवाडीत शिकवायची. ती म्हणायची, "माझ्याशी लग्न लावताना पाद्रीबाबांनी निदान सगळ्यांना इच्यारलं हुतं, कुनाची हरकत हाय का म्हनून. ह्या बंबाच्या टायमाला मला कुनी इच्यारलं न्हाई."

सुरुवातीची वर्षं बरी गेली. मग जकात गेली. साखर कारखान्याचं धुराडं थंडावलं. बायपास झाला तशी बडी दुकानं हद्दीबाहेर जाऊन बसली. नगरपरिषदेच्या हाती उरली घरपट्टी, आणि सोनखडीत घरपट्टी भरणं म्हणजे काशीला जाण्यासारखं: पुण्याचं काम, पण सवडीनं करायचं. तिजोरी आटली तसा बंबही आटला. डिझेल मोजून मिळू लागलं. सहा पाइपांतले चार गळू लागले. तीन माणसांत हेल्मेट एक राहिलं. ज्याच्या डोक्यावर केस कमी त्याला ते द्यायचं असं ठरलं, आणि ते कृपादानच्याच वाट्याला आलं.

पोलीस ठाण्याची तऱ्हा वेगळी नव्हती. तिथले हवालदार मेहताब शेख हे कृपादानचे शाळेपासूनचे दोस्त. ठाण्याच्या जीपचं डिझेल वीस तारखेला संपे. त्यानंतर महिनाअखेरपर्यंत सोनखडीत कायदा पायी हिंडे.

अशाच एका पंचवीस तारखेला, भर दुपारी, कुणाच्या तरी तीन म्हशी चोरून एक टेम्पो घोडेगावच्या बाजाराकडं निघाल्याची खबर आली. जीप झाडाखाली उभी, टाकी कोरडी. मेहताब पळत बंबाच्या शेडमध्ये आले.

"कृपा, काढ मावशीला."

"आग कुठं लागली?"

"म्हशी गेल्यात."

"म्हशी इझवायच्या का मी?"

पण काढली. सायरन लावला आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ आणून बंब चाळीसच्या वेगानं सुटला. आता चाळीसच्या वेगानं चोर सापडतात का? नाही सापडत. पण पाच-सहा मैलांवर म्हशींच्या वजनानं रखडत चाललेल्या टेम्पोतल्या चोरांनी मागून सायरन ऐकला, आरशात लाल बंब पाहिला, कुणाचं तरी घर जळतंय बिचाऱ्याचं असं त्यांना वाटलं, आणि माणुसकीला जागून त्यांनी टेम्पो बाजूला घेऊन थांबवला. बंब शेजारी येऊन उभा राहिला. मेहताब खाली उतरले, त्यांनी दोघांना आधी सलाम केला आणि मग बखोटीला धरलं. "असले सज्जन चोर पुन्हा मिळायचे न्हाईत," असं ते पुढं वर्षभर सांगत राहिले.

या पराक्रमाचं बक्षीस म्हणजे नगरपरिषदेच्या सभेत विषय आला, की अग्निशमनाच्या डिझेलावर पोलिसांनी म्हशी का पकडल्या. विषय आणला होता नगरसेवक गहिनीनाथ शेठ यांनी. त्यांचं गावात भलं मोठं मंगल कार्यालय. बोलता बोलता त्यांनी बंब मोडीत काढायचीच सूचना मांडली.

"गेल्या वर्षी गावात आगी किती? सात! सात आगींसाठी एवढा खर्च? नगरहून गाडी मागवू की."

कृपादानला उभं केलं होतं. तो म्हणाला, "शेठ, आगी वाढवायच्या असत्याल तर तसं लेखी द्या. अन् नगरहून गाडी येस्तोवर आग थांबती का, ह्ये बी तिला इच्यारून घ्या."

सभागृह हसलं. मुख्याधिकारी बाई मात्र हसल्या नाहीत. नव्या होत्या, तरुण होत्या, आणि पगार कुठून करायचे या काळजीनं झोप उडालेली होती. त्या म्हणाल्या, "भांबळ, चूक कुणाची हा प्रश्नच नाही. पैसे नाहीत. घरपट्टीची थकबाकी दोन महिन्यांत निम्मी जरी वसूल झाली, तरी हा विषय मी मागं घेईन."

वसुलीचा कारकून बिभीषण मागं बसला होता, तो दचकला. हा माणूस एरवी जीव मुठीत धरून वसुलीला जायचा. कुत्र्यांना भ्यायचा आणि कुत्र्यांच्या मालकांना त्याहून जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळी कृपादाननं त्याला धरला, पावतीपुस्तकासकट बंबात बसवला आणि गाडी नेली ती थेट गहिनीनाथ शेठच्या मंगल कार्यालयासमोर. सगळ्यांत मोठी बाकी त्यांचीच. तिथं गाडी लावून त्यानं सायरन सोडला.

पाच मिनिटांत अर्धं गाव गोळा झालं. बादल्या घेऊनच आलं.

"आग कुठाय?" कुणीतरी विचारलं.

"आजून न्हाई लागली," कृपादान बंबाच्या पायरीवर उभा राहून म्हणाला. "पर घरपट्टी थकलीय. उद्या लागली तर बंब येनार न्हाई, म्हनून आजच येऊन गेलो. बघून घ्या."

गहिनीनाथ शेठ मागच्या दारानं सटकले. पुढच्या दारानं त्यांची आई आली, लंकाबाई. ऐंशीच्या पुढची बाई, हातात काठी. तिनं सायरन बंद करायला लावला आणि बिभीषणला जवळ बोलावलं.

"काय रं, कवापासून थकलंय?"

बिभीषणनं जीव गोळा करून सांगितलं, "पाच वर्सं, आजी."

"पाच वर्सं! अन् गेल्या महिन्यात ह्या मेल्यानं वाढदिवसाला दोनदोन क्रेनी लावून हार घालून घेतला!" म्हातारीनं नातवाला चेकबुक आणायला पिटाळलं, शेठला फोन लावून जागच्या जागी परत बोलावलं आणि भर गर्दीत सही करायला लावली. सही करताना शेठनी कृपादानकडं असं पाहिलं, की बंबात त्या दिवशी पाणी भरलेलं होतं ते बरं झालं.

पुढं काम सोपं झालं. बंब गल्लीच्या तोंडाशी दिसला की लोक आधीच पाकिटं काढत. एका मास्तरांनी तर फोन करून सांगितलं, "सायरन नको, पाव्हणे आलेत, मीच येतो भरायला." मुख्याधिकारी बाईंना सगळं कळत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मला काही सांगू नका. पावत्या नीट फाडा." सातव्या आठवड्यात थकबाकी निम्म्यावर आली. बंबाला नवे टायर आले, सहा पाइप आले, बॅटरी आली. आणि त्याच आठवड्यात कृपादानला निलंबनाचा कागद आला: सरकारी वाहनाचा गैरवापर, सायरनचा गैरवापर, आणि प्रतिष्ठित नागरिकांची मानहानी. शेठनी वरपर्यंत तक्रार नेली होती. कागदावर सही बाईंचीच होती. त्यांनी खाली मान घालून तो दिला.

कृपादान घरी बसला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा बसला, आणि हन्नाच्या लक्षात आलं की या माणसाला बसता येत नाही. रस्त्यावर कुठलाही भोंगा वाजला की हा उठून दारात. उसाच्या ट्रॅक्टरवर गाणी वाजली तरी दारात.

मे महिन्यात, दुपारी एकच्या सुमाराला, बाजारगल्लीत सरकी-पेंडीच्या दुकानाला आग लागली. दुकानाच्या माडीवर गनीभाई रजया भरायचे. म्हणजे खाली पेंड आणि वर कापूस. आगीला जणू आवतणच होतं. बंबावर तात्पुरता घेतलेला ड्रायव्हर होता. त्यानं गाडी शेडच्या फाटकापर्यंत आणली आणि तिथं दुसऱ्या गिअरनं मान टाकली.

कृपादान ताटावर बसला होता. मेहताब घामाघूम होऊन दारात आले.

"चल, तुला अटक हाय."

"कशापायी?"

"बंबात बसल्यावर सांगतो."

"मी निलंबित हाय, मला हात लावता येनार न्हाई गाडीला."

"अटकेतला मानूस पोलीस सांगंल त्ये करतो. मी सांगतो, गाडी चालव!"

"जेवन तरी हुंद्या," हन्ना म्हणाली, पण तोवर तिनंच त्याच्या चपला पुढं केल्या होत्या.

बंब गल्लीत पोचला तेव्हा खालचं दुकान गेलंच होतं. शेजारच्या कापडवाल्याच्या फळ्या धुमसत होत्या. लोक वर बोट दाखवून ओरडत होते: गनीभाई दुपारचे झोपतात, आणि त्यांना ऐकू येत नाही. कृपादाननं नव्या पाइपाचा नोझल काखेत मारला आणि मागच्या लाकडी जिन्यावर पाणी सोडत वर चढला. मागून मेहताबनी त्याचा कमरपट्टा धरला होता. धुरात काही दिसेना. त्यानं अंदाजानं कोपऱ्यात पाण्याचा फवारा मारला. तिथून आवाज आला:

"नळ आला का रं?"

मेहताबनी म्हाताऱ्याला खांद्यावर घेतलं. उतरताना जिन्याचा कठडा जळत होता आणि कृपादानचा डावा हात त्यावर पडला. त्यानं नोझल सोडला नाही. सोडला असता तर तिघंही खाली गेले असते. पेंडीचं दुकान गेलं, साठ रजया गेल्या, पण बाकी गल्ली राहिली. सगळं निवल्यावर तो बंबाच्या पायरीवर बसला. त्याला रडू फुटलं, आणि ते धुराचं नाही हे मेहताबना कळलं. ते शेजारी बसून विडी ओढत राहिले.

पुढच्या सभेत कृपादानच्या सत्काराचा ठराव आला. मांडला गहिनीनाथ शेठनीच. आईनं जेवण बंद केलं होतं म्हणतात. निलंबन उठलं. शाल आणि नारळ दिला, आणि लगेच पुढच्या विषयात निलंबनाच्या दिवसांचा पगार देता येत नाही असा निर्णय झाला.

"शाल ठिवा," बँडेजचा हात वर करून कृपादान म्हणाला. "त्यापरीस हातमोजे द्या."

हातमोजे चार महिन्यांनी आले. दोन्ही उजव्या हाताचे.

गेल्या मार्चमध्ये तो अठ्ठावन्न वर्षं भरून निवृत्त झाला. जागा भरायला पैसे नाहीत, म्हणून नगरपरिषदेनं त्यालाच मानधनावर ठेवलंय, आणि तो त्या तात्पुरत्या ड्रायव्हरला रोज सकाळी दुसरा गिअर शिकवतो. पोरगं हुशार आहे; दहातून सहादा पाडतं. रविवारी कृपादान मिशनच्या देवळात मागच्या बाकावर बसतो, दाराजवळ. परवा ऐन प्रार्थनेत त्याचा फोन वाजला. पाद्रीबाबांनी डोळे न उघडताच हातानं "जा" म्हणून खूण केली. आग नव्हती. तहसील कचेरीवर आग्या मोहोळ उठलं होतं आणि निवडणुकीच्या कामाला रविवारी आलेली अख्खी कचेरी टेबलांखाली होती.

"सरकारी काम हाय, सोमवारपर्यंत ऱ्हाऊ द्यायचं का?" त्यानं फोनवर विचारलं, आणि चपला शोधू लागला.