काटे काढणारा हात

मालवणजवळच्या किनाऱ्यावर एक हॉटेल आहे. समुद्राकडच्या अंगाला त्याला भिंत म्हणून नाहीच, खालपासून वरपर्यंत नुसती काच. पाहुणे लांबून येतात, त्या काचेतून समुद्र बघतात आणि खूश होतात. समुद्र मात्र गप्प बसत नाही. वाऱ्याबरोबर खारे तुषार पाठवून रोज काचेवर मिठाचा पांढुरका थर चढवतो, त्यावर आमच्या तांबड्या मातीची धूळ बसते. ते सगळं पुसून पाहुण्यांना त्यांचा समुद्र परत दाखवायचा, हे माझं काम. बरीच वर्षं करते आहे.

ऐकायला काम हलकं वाटतं. वाडीतल्या बायका म्हणायच्या, "तुका काय, एसीत काम!" एसी काचेच्या आत आणि मीठ बाहेर, हे त्यांना कोण सांगणार? उन्हात उभं राहून उजव्या हाताने बाटलीचा खटका दाबायचा, फस् फस् करत पाणी मारायचं, मग फडक्याने जोर लावून घासायचं, मग वायपर ओढायचा, मग फडकं पिळायचं. पुन्हा खटका. मीठ वाळलं की काचेला असं धरून बसतं, की सासुरवास करणारी सासू परवडली.

माझी सासू तशी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. घरात आम्ही दोघीच. नवरा जहाजावर आचारी, वर्षातले काही महिनेच घरी. सासूबाईंची नजर काचबिंदूने गेली आहे. उजेड आणि अंधार तेवढा कळतो. जीभ मात्र ठणठणीत, बोलायलाही आणि चवीलाही. माशाशिवाय जेवण म्हणजे त्यांच्या लेखी आजारपण. त्यातही आवड कसली, तर करली आणि तारली, म्हणजे जेवढे काटे तेवढी चव, अशी त्यांची पक्की समजूत.

ही चव मलाही त्यांनीच लावली. माझं माहेर वैभववाडीचं, घाटाच्या पायथ्याचं. तिथे मासा बाजारातून यायचा आणि आम्ही कमी काट्यांचाच आणायचो. लग्न होऊन इथे आले आणि पहिल्याच आठवड्यात करलीचा काटा घशात अडकवून घेतला. सगळे हसले. सासूबाई तेवढ्या जवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "डोळे मिट गो. मासो बोटांनी निवडूचो आसता." बोटांच्या टोकांमध्ये माशाचा तुकडा हलकेच चुरायचा, टोचलं की तिथे थांबायचं, काटा सरळ ओढायचा. मला वेळ लागला, पण आलं. पुढे त्यांचे डोळे गेले, तेव्हा ओघाओघाने त्यांच्या ताटातले काटे काढायचं काम माझ्याकडे आलं. कामावरून आले, स्वयंपाक केला, की त्यांच्या शेजारी बसून मी मासा निवडायची आणि त्या भातात कालवून जेवायच्या. जेवताना वाडीतल्या सगळ्यांची यथासांग उणीदुणी काढून व्हायची.

मग बोटं बधिर व्हायला लागली.

आधी अंगठा, मग त्याच्या शेजारची दोन बोटं. सकाळी उठलं की मुंग्या. चहाचा कप धरला की मनगटातून कोपरापर्यंत कळ. काच घासताना काही वाटायचं नाही, आणि घरी येऊन नारळ खोवायला बसलं की हात विळीवरून आपोआप खाली यायचा. हात झाडला की बरं वाटायचं, म्हणून मी सारखा झाडत राहायची. नवऱ्याला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, काम सोडून दे. बोटीवरून सांगायला काय जातं! वाडीने हजार उपाय सुचवले. कोणी गरम वाळूचा शेक सांगितला, कोणी तेल, आणि एकीने तर दृष्ट काढायला सांगितली. माझ्या हातात दृष्ट लागण्यासारखं काय होतं, कोण जाणे. मी तेल लावलं, शेकही घेतला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काचेपुढे जाऊन उभी राहिले.

असंच एका संध्याकाळी करली केली होती. सासूबाईंच्या शेजारी बसून मी नेहमीसारखी निवडत होते. बोटांना टोचलं नाही, म्हणून मी तुकडा पुढे केला. दोन घास गेले आणि त्या थांबल्या. खोकल्या. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आलं. मी पाठीवर हात फिरवत सुक्या भाताचा गोळा त्यांच्या तोंडात दिला, मग दुसरा दिला. तेव्हा कुठे काटा खाली गेला. मी ताटातला उरलेला मासा दिव्याखाली धरून बघितला, तर त्यात अजून काटे होते, चांगले लांब, कोणालाही लागावेत असे. मला ते लागले नव्हते. माझ्याच बोटांची मला भीती वाटली.

सासूबाई पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "काय झाला नाय. जेव तू."

दुसऱ्या दिवशी मी बांगडे आणले, म्हटलं, याचे काटे तरी दिसतात. तर त्या म्हणाल्या, "माका मासो नको. डाळ वाढ. जिभेक चव नाय." तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशीही तेच. कोळीण दाराशी आली, की त्या आतूनच सांगायच्या, "आज नको गो." त्यांना डाळ आणि मला मासा, हे काही माझ्याने होईना, म्हणून मीही डाळच खाऊ लागले. त्या घाबरल्या आहेत, माझ्या हातावरचा त्यांचा विश्वास उडाला आहे, असं मी समजून चालले. वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त राग आला. त्यांचा नाही, त्या मेल्या हाताचा. डोळे गेलेल्या बाईला जेवणाचं एक सुख राहिलं होतं, तेही या हाताने घालवलं.

म्हणून कुडाळला डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मनगट वाकवून बघितलं, टिचक्या मारल्या, काय काम करता ते विचारलं. मी हवेत खटका दाबून दाखवला, फडकं पिळून दाखवलं. "बाई, तेच तेच करून मनगटातली शीर दबली आहे," ते म्हणाले. "पट्टा बांधा. मनगट सरळ ठेवा. पिळायचं बंद. मध्ये मध्ये थांबा. वेळ लागेल, पण ऐकलंत तर हात सुधारेल." मग पट्टा चढवायला गेले आणि माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "या बांगड्या मात्र काढाव्या लागतील."

इथे माझं घोडं अडलं. नवरा समुद्रावर असताना हातातली काकणं काढायची नाहीत, हे आमच्या घरात न सांगता ठरलेलं. सासूबाईंनी सासरे बोटीवर असेपर्यंत पाळलं, मीही पाळत आले. डॉक्टरांना हे सांगायची लाज वाटली. काकणं काढली, रुमालात बांधली, पट्टा बांधून घरी आले. वाटेत काय काय सांगायचं, ते ठरवून ठेवलं होतं. आल्या आल्या चहाचं आधण ठेवलं, तर मागून आवाज आला, "उजव्या हातातली काकणां खंय गेली?"

त्यांना दिसत नाही हे खरं, पण ऐकू किती येतं, याचा मला विसर पडला होता. मी सगळं सांगितलं. आता बोलणी बसणार, म्हणून गॅसकडे बघत उभी राहिले. त्यांनी माझा हात ओढून पट्टा चाचपला. मग म्हणाल्या, "डाव्या हातात घाल सगळी. खंयच्या हातात, ता समुद्राक काय ठावक!" आणि चहात साखर कमी पडल्याची तक्रार करून त्यांनी विषय संपवला.

हॉटेलात मात्र कामाची पद्धत बदलावी लागली. माझ्याबरोबर एक ख्रिश्चन बाई काम करते, तिची अर्धी माणसं गोव्यात आणि अर्धी दोडामार्गला काजूच्या बागेत. मी पट्टा बांधून आलेली बघून तिने एक दिवस काजूवर औषध मारायचा बॅटरीचा पंप आणला, कोरा, पिशवीतून काढलेला. "खटको दाबूक नको बाय, नुसतो चालू कर," म्हणाली. त्यात गोडं पाणी भरायचं, काचेवर सोडायचं आणि थांबायचं. थांबणं हेच खरं काम. मीठ आपणहून विरघळून खाली येतं, मग वायपर एकदा ओढला की पुरतो. इतकी वर्षं मी वाळलेलं मीठ जोर लावून घासत बसले होते. फडकी आता हाताने पिळत नाही. लादी पुसायची, पायाने दाबून फिरवायची बादली असते, तिच्यात टाकते आणि पाय दाबते. पंप पाठीला लावून मी पहिल्या दिवशी निघाले, तेव्हा एका पाहुण्याने घाईघाईने खोलीची दारं लावून घेतली. त्याला वाटलं, डासांचं औषध मारायला आले. मॅनेजर पाण्यावरून थोडे कुरकुरले, मग काचा बघून गप्प झाले.

डाव्या हाताला वायपर शिकवायला फार त्रास झाला. काचेवर पट्टे राहायचे, वर काकणं नुसती खणखणायची. हळूहळू उजव्या हाताची कळ कमी झाली. मुंग्या सकाळपुरत्या राहिल्या. बोटांची टोकं तेवढी अजून जाड जाड वाटत होती, फडकं बांधल्यासारखी. घरी डाळ चालूच होती.

एक दिवस वाडीत रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली गेली आणि कोणीतरी दारात पानभर तारल्या ठेवून गेलं. सासूबाईंना वासावरूनच कळलं. मी तिरफळं घालून तिखलं, आमचं अंगाबरोबरचं तिखट कालवण, केलं. त्यांनी नेहमीप्रमाणे डाळ मागितली. म्हणाल्या, "तू खा. तुझ्या तोंडाकडे बघवत नाय." ज्या बाईला दिसत नाही, तिने हे म्हणावं! मी त्यांना डाळभात वाढला आणि समोर माझं ताट घेऊन बसले. तारली बोटांत घेतली. काही लागेना. घास घेतला आणि काटा सरळ हिरडीत गेला. तोंडातून "स्स" निघालं.

"ताट हयसर सरकव," सासूबाई म्हणाल्या.

मी सरकवलं. त्यांनी चाचपून तारली शोधली, बोटांच्या टोकांमध्ये तुकडा धरला आणि चुरायला लागल्या. डोळे उघडेच होते, पण भलतीकडे बघत होते. केसासारखे बारीक काटे एकामागून एक ताटाच्या कडेला जमले. एवढ्या भराभर मला कधीच जमलं नव्हतं. मी बघत राहिले.

"आई, तुमका जमता ह्या?"

"डोळे गेले गो. बोटां खंय गेली?"

मला हसू यायला हवं होतं, पण मी भडकलेच. "मगे इतकी वर्षां माझ्याकडसून कित्याक करून घेतलात? आणि आता एवढे दिवस डाळ कित्याक खाल्लात?"

त्यांनी हातातला तुकडा पुन्हा एकदा चाचपून बघितला. "सारखो हात झाडत होतंस, काकणां वाजत होती, माका आयकाक येत होता. दुखऱ्या हाताक काटे काढूक कसा सांगू?"

"पण तुमचे तुमी काढून खाल्ला असतात!"

"खाल्ला असतंय," त्या म्हणाल्या. "पण काटे काढूच्या निमतान तू माझ्याकडे बसत होतंस. नायतर दिवसभरात तू बसतंस खंय?"

त्यांनी निवडलेला मासा माझ्या भातावर ठेवला, ताट माझ्याकडे ढकललं आणि दुसरी तारली हातात घेतली, आपल्यासाठी. मी माझं ताट उचललं, समोरून उठले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.