इथं मराठी कुणाला कळतंय

दारू सोडून सतरा दिवस झाले होते, आणि पिताना कधी वाटली नव्हती एवढी भीती आता न पिताना वाटत होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, एकट्याने जमणार नाही, दारू सोडणाऱ्यांचा गट शोधा. पहिला गट अण्णा नगरमधला, इंग्रजी. फाटकातच आमच्या गिंडीच्या कारखान्याचं स्टिकर लावलेली गाडी दिसली आणि माझी पाचावर धारण बसली. कुणाची आहे हे बघायलाही थांबलो नाही. तसाच मागे फिरून मेट्रोत बसलो.

मग एग्मोरचा तमिळ गट शोधला. माझं तमिळ रिक्षावाल्याला डावं-उजवं सांगण्यापुरतं. म्हणजे त्यांचा उपदेश मला कळणार नाही आणि माझी लक्तरं त्यांना. स्वतःच्या हुशारीवर मी जाम खूश होतो.

शाळेच्या एका वर्गात पंधराएक माणसं बाकांवर बसली होती. गट चालवणारे इंग्रजीत म्हणाले, कुठल्याही भाषेत बोला, पण बोला. मनात म्हटलं, इथं मराठी कुणाला कळतंय! आणि उभा राहून सगळं ओकलो. दुपारी पिऊन लेकीला शाळेतून आणायला गेलो, वळणावर स्कूटर घसरली, तिचा हात मोडला. घरी सांगितलं, कुत्रा आडवा आला. आठ वर्षांची पोर माझ्याकडे बघत गप्प राहिली. बायकोला खरं कळलं तर ती लेकीला घेऊन नाशिकला निघून जाईल, या भीतीने मला झोप लागत नाही. सगळे मान डोलावत होते. न कळता डोलणाऱ्या त्या माना बघून फार हलकं वाटलं.

चहाच्या वेळी एक म्हातारे गृहस्थ जवळ आले. कपाळावर विभूती, कमरेला वेष्टी, म्हणजे तिकडची पांढरी लुंगी.

"तुम्ही बोल्लांत तें अस्कीं कळलं मला," ते म्हणाले.

मराठीच, फक्त चाल तमिळ आणि 'सगळं'ला 'अस्कीं'. तंजावरची मराठी घरं या शहरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, हे ऑफिसात दहादा ऐकलं होतं. ऐन वेळी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. हातातला चहा मी तसाच बाकावर ठेवला.

"काका, कुणाला सांगणार नाही ना?"

"इथलं इथेंच राहतं. कुत्रा नव्हता म्हणून घरीं कधीं सांगणार?"

"बायको सोडून जाईल हो!"

"जाईलही. पण त्या मुलीनें तो कुत्रा किती दिवस सांभाळायचा?"

मला त्यांचा राग आला. तोंड लपवायला म्हणून तो गट निवडला होता, आणि तिथंच पकडला गेलो होतो. तरी निघताना पुढच्या बैठकीची वेळ मी त्यांनाच विचारली.

घरी पोचेपर्यंत शर्ट घामाने भिजला होता. लेकीनेच दार उघडलं. नेहमीसारखी आधी जवळ येऊन तिने माझ्या तोंडाचा वास घेतला. प्लास्टरमधला हात पोटाशी धरलेला.

"आईला बोलव. स्कूटरवरून पडलो ना आपण, त्याचं सांगायचंय."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. स्वयंपाकघराकडे एकदा बघून ती माझ्या कानाशी आली.

"बाबा, मी कुत्रा काळा सांगितलाय. तू पण काळाच सांग."

मी तिला उचलून घेतलं आणि बायकोला हाक मारली.