साडूंची काळी रेघ

जग घडवलं जात असताना माझे थोरले साडू तिथे हजर असते, तर प्रत्येक डोंगराभोवती त्यांनी काळी रेघ मारून ठेवली असती. उद्या कोणी डोंगर उचलून नेलाच, तर लगेच लक्षात यावं म्हणून. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली. तिथे पाना, कानस, हातोडी अशा प्रत्येक हत्याराचा आकार भिंतीवरच्या फळीवर रंगवलेला असतो. "रिकामा आकार दिसला की समजायचं, कोण जागेवर नाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. निवृत्तीनंतर हर्सूलच्या घरी त्यांनी तीच पद्धत लावली. गॅसजवळ सांडशीचा आकार, न्हाणीघरात तांब्याचा, दाराशी चपलांचे. माझे बूट नऊ नंबरचे आणि पाहुण्यांसाठी काढलेला आकार आठचा, त्यामुळे मी गेलो की ते आधी माझ्या पायांकडे बघून उसासा टाकतात. "साडूभाऊ, तुम्ही बसत नाय यात."

त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण. आम्ही तिला ताई म्हणतो. ताई गोधड्या शिवते, आणि तिचा संसार अगदी उलट्या टोकाचा. कात्री गव्हाच्या डब्यावर, रिळं देवघरात, जुन्या साड्यांची बोचकी पलंगाखाली. हवं ते तिला पटकन सापडतं, ही गोष्ट साडूंना जास्तच खुपते. मागच्या वर्षी त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली. आई-बाळ दोघं मावतील एवढी गोधडी बारशाच्या आत शिवून द्यायचीच, असं ताईने ठरवलं. नातवंडाच्या अंगाखाली दुकानातली गादी जाऊ देणार नाही, एवढाच तिचा हट्ट. तिने नवऱ्याकडे फक्त गोधडी पसरायला जागा मागितली. साडू ताडकन उठले. "जागा कशाला? खोलीच करून देतो. पद्धतशीर! अन् नवीन एक खिळा विकत घेणार नाय."

मागच्या खोलीत पाण्याचे ड्रम होते. आमच्या शहरात नळाला पाणी आठवड्याच्या हिशेबाने येतं, त्यामुळे ड्रम टाकून देणं शक्य नव्हतं. ते एका दिवसात गच्चीवर गेले. मग स्कूटरवरून भंगार येऊ लागलं. मोडक्या कूलरची चौकट आडवी टाकून मांडणी झाली, आंब्याच्या पेट्यांचे कप्पे झाले, पाइपच्या तुकड्यांत रिळं उभी राहिली, लग्नपत्रिकांच्या खोक्यांत बटणं गेली. या फेऱ्यांचं पेट्रोल धरलं तर नवं कपाट स्वस्त पडलं असतं, हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी कागद उलटा केला, त्यावर "लेस" असं लिहिलं आणि तो एका पेटीला डकवला.

चिंध्यांची वर्गवारी करायला त्यांना चार दिवस लागले. सुती, रेशमी, टेरिकॉट. पाचव्या दिवशी ताई आली. "अवो, वन्संच्या डोहाळजेवणाची हिरवी साडी कुठंय?"

"कापड कोणतं ते सांग."

"वन्संचं."

"वन्सं हा कापडाचा प्रकार नाय."

कात्रीसाठी त्यांनी कारखान्यासारखा बिल्ला काढला. बिल्ला खिळ्याला अडकवायचा, मगच कात्री उचलायची. "माझ्याच घरात माझीच कात्री मी बिल्ला देऊन घेऊ?" ताईने विचारलं. "तिथं मॅनेजरसुद्धा देत होता," साडू म्हणाले. दुसऱ्या दिवशी ताईने जाहीर केलं की चहालाही बिल्ला लागेल. तिला वाटलं, नवरा वरमेल. साडूंनी डब्याच्या झाकणातून स्वतःसाठी बिल्ला कापला, ओट्यावरच्या खिळ्याला अडकवला आणि कृतार्थ चेहऱ्याने मला म्हणाले, "पद्धत पसरायला लागली."

खोली तयार झाली तेव्हा आम्हा दोघांना मुद्दाम बोलावलं होतं. नात झाली होती, बारसं पंधरवड्यावर आलं होतं. ताई अर्धी शिवलेली गोधडी घेऊन दारात उभी राहिली. मी सवयीने मोजलं. खोली दहा बाय आठ, गोधडी सात बाय पाच, आणि मांडण्या व पेट्या वजा जाता उरलेली जमीन दीड फूट रुंद.

"लई सुंदर झालीय," ताई शांतपणे म्हणाली. "आता मी बसू कुठं, तेवढं सांगा."

माझ्या बायकोला हसू आवरेना. साडू मात्र हसले नाहीत. त्यांचा चहा तसाच निवला. ताईने बैठकीतलं टीपॉय सरकवून गोधडी तिथे पसरली. पण घरात ये-जा चालू, बाळाला बघायला येणारी माणसं चालू. टाके काही पुढे सरकेनात.

दोन दिवसांनी सकाळीच साडूंनी मांडलेली खोली मोडायला घेतली. जमिनीवर एक वस्तू ठेवायची नाही, असा पण केला. पेट्या भिंतींवर चढल्या. सायकलच्या रिंगा छताला टांगून त्यांना बोचकी लोंबकळवली, दोरी ओढली की खाली येतील अशी. मी शिडी धरली होती, म्हणून पेट्यांवरच्या नव्या चिठ्ठ्या वाचता आल्या: वन्संचं, आईचं, शेजारणीचं. बिल्ल्याचा खिळा त्यांनी स्वतः उपटला. मोकळ्या झालेल्या जमिनीवर काळ्या रंगाने सात बाय पाचचा चौकोन काढला, आणि त्याच्या कोपऱ्याला लागून आणखी एक लहानसा.

"मोठा गोधडीचा. अन् हा कोणाचा?" मी विचारलं.

"सुई ओवणाऱ्याचा. तिला नेढं दिसत नाय आता. सांगत नाय कुणाला, पण मला दिसतंय ना."

बारशापर्यंत ते त्या चौकोनात मांडी घालून बसले. ओवलेल्या सुया ओळीने उशीला टोचून ठेवत आणि "टाके तिरपे चाललेत" एवढंच अधूनमधून बोलत. गोधडी आदल्या दिवशी पुरी झाली. बारशाला नातीने ती पहिल्या पाच मिनिटांत भिजवली, तेव्हा ताईच्या डोळ्यांत पाणी आणि साडूंच्या हातात फडकं होतं.

लेक आता सासरी गेली, गोधडीही गेली. ताई दुसऱ्यांच्या गोधड्या शिवते. केसाएवढा फरक बोटाने ओळखणाऱ्या साडूंचा हात अलीकडे थरथरतो. दोरा जिभेवर ओला करतात, नेम धरतात, चुकतात, पुन्हा धरतात. ताई कधी घाई करत नाही.

परवा आम्ही निघालो तेव्हा साडू फाटकापर्यंत पोचवायला आले आणि माझी गाडी मागे कशी घ्यावी हे समजावत राहिले. बायकोचा डबा राहिला म्हणून मी परत आत गेलो. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. गोधडी आपल्या रेघेत बरोबर बसली होती. कोपऱ्यातला लहान चौकोन रिकामा होता, आणि ताई बिनदोऱ्याची सुई बोटांत धरून दाराकडे बघत होती.