अडतिसाव्या नंबरची

कातड्याच्या कारखान्यात त्याला सगळे नंबरकाका म्हणत. कातडं टेबलावर पडलं की हा आधी ते पालथं करायचा. वरची बाजू आंधळाही चाचपतो. खोट आत असते, सोलणाऱ्याची सुरी कुठे खोल गेली ते तिथे दिसतं. मग अंगठा दाबून खडूने आकडे टाकायचा. बुटाच्या तळाला वेगळा, हातमोज्याला वेगळा. नव्या कामगाराने "काका, एकूण कितव्या नंबरचं?" विचारलं की म्हणायचा, "एकूण नंबर बघ्यांसाठी. तुला शिवायचंय काय, ते बोल."

एवढी अक्कल रोज संध्याकाळी कारखान्याच्या फाटकाशी टांगून तो घरी यायचा.

थोरल्या पोरीला कृत्रिम पाय बनवायला शिकायचं होतं. परदेशातल्या दोन विद्यापीठांनी तिला जागा दिली. एक जगाच्या यादीत अडतिसावं, दुसरं चारशे बारावं. तिला जायचं होतं चारशे बाराव्यात.

"चारशे बारावं कातडं मी गाडीतून उतरवूनसुद्धा घेत नाही," बाप म्हणाला.

"बाबा, हा नंबर कशाचा ते तरी बघा. संशोधनाचे लेख किती छापले, बाहेरून पोरं किती आली, लोक नाव किती घेतात, सगळ्याची खिचडी. पाय कोण शिकवतं हे त्यात नाहीच. त्या चारशे बाराव्यात दवाखाना लागून आहे. पहिल्या महिन्यापासून माणसाच्या मापाचा पाय करायला देतात. मी तिथल्या दोन मुलींशी बोलले. अडतिसाव्यात या विषयाला एक मास्तर, तोही पुस्तकी."

"यादी करणारे येडे, आणि तू शहाणी."

"तुम्ही तरी एका कातड्याला एकच आकडा टाकता का?"

हे त्याला झोंबलं, कारण खरं होतं. आणि मागच्याच आठवड्यात मेव्हणा येऊन गेला होता. मेव्हण्याचा मुलगा एकसष्टाव्या विद्यापीठात. मेव्हणा त्याचं नाव घेतच नसे; "आमचा एकसष्टावा" म्हणायचा, बारशाला तेच ठेवल्यासारखं. जाताना हसत म्हणाला होता, "भाची कितवी, ते कळवा भाऊजी."

बायको म्हणाली, "अहो, पाय पोरीला करायचेत. मामाला नाही."

"तू गप बस."

बापाने खुर्ची ओढली आणि चारशे बाराव्याला नकाराचं पत्र पोरीकडून समोर बसून लिहून घेतलं. एक ओळ तिने "खेद वाटतो" अशी लिहिली. ती त्याने खोडायला लावली.

दोन वर्षं ती अडतिसाव्यात राहिली. चालणाऱ्या माणसांचे आलेख काढले, जाड प्रबंध लिहिला. त्या विभागात पाय एकच होता, काचेच्या कपाटात, आणि कपाटाला कुलूप.

परतल्यावर गावातल्या पाय बनवण्याच्या कार्यशाळेत मुलाखत होती. बाप सोबत गेला. पदवी त्यानेच तिथल्या उस्तादापुढे ठेवली, वर आकडाही सांगितला. उस्तादाने कागद बाजूला सरकवला. बाकावर गुडघ्याखाली पाय गेलेला एक ट्रकवाला बसला होता.

"याचं माप घे, पोरी. प्लास्टर तिथे आहे."

तिने पट्टी भिजवली, गुंडाळली. हाडावर घट्ट बसली, मांसावर ढिली. ट्रकवाला कळवळला, पण सभ्य माणूस, वर "चालेल" म्हणाला. उस्तादाने कात्रीने साचा कापून बादलीत टाकला.

"किती पाय केलेस आजवर?"

"एकही नाही."

आतून एक मुलगी आली, ट्रकवाल्याच्या पायाला पट्टी गुंडाळून पाच मिनिटांत नवा साचा घेऊन गेली.

"ही कुठली?" बापाने विचारलं.

उस्तादाने विद्यापीठाचं नाव सांगितलं. नकाराच्या पत्रावर वर लिहिलेलं तेच.

"नव्याने शिकवा हिला," बाप म्हणाला. आवाज टेबलाखाली गेला होता.

"माझ्याकडे दीडशे माणसं पायासाठी थांबलीत. त्यांच्या अंगावर शिकवू? दारात नावं लिहून घ्यायला माणूस हवंय. ते जमेल."

"जमेल," पोरगी म्हणाली.

रस्त्यात बापाने पदवीचा कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाला, "मामाला कामाला लागली एवढंच सांगू."

"विद्यापीठाचं नाव पण सांगा," ती म्हणाली. "त्याचसाठी तर पाठवलं होतंत."