थांबाताई

रोज सकाळी पट्ट्यावरून सरकणाऱ्या पार्सलांतलं एखादं ताई उचलायच्या, कात्रीने उघडायच्या आणि आतल्या औषधाचं नाव, डोस, पेशंटचं नाव मोठ्याने वाचायच्या. चूक क्वचितच सापडायची. मग तो डबा त्या स्वतःच पुन्हा बांधायच्या. नेदरलँड्समधल्या टिलबर्गच्या आमच्या गोदामातून ऑनलाइन मागवलेली औषधं घरोघरी जात, आणि त्यांच्या दर्जाची जबाबदारी या नागपूरच्या फार्मासिस्ट बाईंवर होती. काम थांबवायचा अधिकार त्यांना होता आणि त्या तो वापरायच्या. म्हणून आम्ही दोघंतिघं मराठी लोक त्यांना थांबाताई म्हणायचो.

मी शिक्षण संपवून तिथे सॉफ्टवेअरच्या कामाला लागलो होतो. "काय करून राहिला रे?" असं विचारत त्या माझ्या टेबलाशी यायच्या आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकायच्या. सिस्टीममध्ये काहीही बदललं तरी त्यांची सही लागायची. मॅनेजर वैतागायचा. खरं सांगायचं तर मीही वैतागायचो.

एका उन्हाळ्यात आई आजारी म्हणून ताई नागपूरला गेल्या. औषधं थंड ठेवायच्या कोल्ड रूमचा अलार्म तेव्हा सारखा वाजत होता. दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं की वाजायचा. मॅनेजर म्हणाला, तापमान बिघडल्यावर दहा मिनिटांऐवजी तासाभराने वाजू दे, सही ताई आल्यावर घेऊ. मी बदल केला. सगळ्यांना शांत वाटलं, मलाही.

ताई सोमवारी परत आल्या. प्रवासाच्या थकव्यातच त्या तापमानाचे आलेख बघायला बसल्या आणि थोड्या वेळाने त्यांनी मला बोलावलं. शनिवारी कूलर बिघडून पन्नास मिनिटं खोली शून्याच्या खाली गेली होती. अलार्म वाजला नव्हता. तिथलं इन्सुलिन त्याच दिवशी रवाना झालं होतं. मी काय केलं होतं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. गोठून वितळलेलं इन्सुलिन दिसायला तसंच असतं, पण त्याचा भरवसा उरत नाही, एवढंच म्हणाल्या.

मॅनेजरचं म्हणणं पडलं की आधी प्रयोगशाळेत तपासून घेऊ, उगाच घबराट नको. ताईंनी त्याच्यासमोरच फोन उचलला. दुपारपर्यंत त्यांनी बावन्न पेशंटांना फोन केले, आपल्या अडखळत्या डचमध्ये, प्रत्येकाला तेच सांगत: इन्सुलिन टोचायचं ते पेन वापरू नका, नवीन पाठवतो. एकच म्हातारे गृहस्थ फोन उचलेनात. माझ्याकडे गाडी होती. आम्ही नवीन पेन घेऊन त्यांच्या खेड्याकडे निघालो.

त्यांनी दार उघडलं तेव्हा ओठ कोरडे पडले होते. रविवारपासून ते आम्ही शनिवारी पाठवलेलंच पेन वापरत होते. तहान भागत नाही, उकाड्यामुळे असेल, असं म्हणाले. साखर तपासली तर फारच वाढलेली. ताईंनी त्यांच्या डॉक्टरला फोन लावला आणि तो येईपर्यंत त्यांच्याशेजारी बसून राहिल्या. काही चुकलंय का, असं आजोबांनी विचारलं. ताई सावकाश म्हणाल्या, "हो. चूक आमची आहे."

ते आजोबा दोन दिवस दवाखान्यात राहून बरे झाले. त्या दिवशी परतताना गाडीत मी म्हणालो, "ताई, रिपोर्टमध्ये माझं नाव लिहा."

"तुझं आणि मॅनेजरचं लिहिणारच आहे. पण आधी माझं," त्या म्हणाल्या. "जाताना मी माझ्या जागी कोणाला नेमलं नव्हतं."

रिपोर्ट सरकारी तपासनिसांकडे गेला. त्यात तिघांची नावं त्याच क्रमाने होती. कंपनीने सगळ्यांसमोर ताईंचे आभार मानले आणि मग हळूहळू त्यांना बैठकांना बोलावणं बंद केलं. काम अडतं, अशी कुजबुज चालायची. आठ-नऊ महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला. निरोपाच्या केकपाशी आम्ही पाच जण होतो. मॅनेजरला दुसरी मीटिंग होती.

त्यांची सही लागायची तिथे आता माझी लागते. लोक माझ्यावर वैतागतात, आणि मी थकून जातो.

परवा मास्ट्रिख्टला गेलो होतो. तिथल्या एका छोट्या औषधाच्या दुकानात ताई आता काम करतात. जेवणाच्या सुट्टीत त्या बाहेर आल्या आणि आम्ही बाकावर बसलो. कसं चाललंय, असं मी विचारलं.

"दिवसभर उभं राहून पाय दुखतात," त्या म्हणाल्या. "पण झोप लागते रे आता. तुला लागते?"

मी हो म्हणालो. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि डब्यातली अर्धी पोळी माझ्या हातात ठेवली.